काचतंतु-नौकांची दुरुस्ती

काचतंतू आणि रेझीन यांचे थर एकावर एक बसवून तयार केलेल्या नौकेच्या बाह्यांगावर पडलेले ओरखडे, खाचा व भोके भरून तिची जलाभेद्यता आणि बळकटी पूर्ववत करण्याची प्रक्रिया. या संयुक्त पदार्थास व्यवहारात केवळ ‘फायबर’ म्हणतात. अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये या पदार्थाची नौका प्रथम तयार केली व दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा प्रसार झाला. भारतात कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी नौकांना काचतंतूचे अस्तर देण्याविषयी संशोधन केले. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा नौकांची संख्या झपाट्याने वाढली. चांगल्या सागवानाची टंचाई व किंमत यांमुळे कोकणातही लाकडाची जागा हा पदार्थ घेत आला आहे.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन ही दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, दिघी इ. किनारी गावांची बाजारपेठ होय. येथील किनारा काही ठिकाणी पुळणीचा, तर काही ठिकाणी काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. होडी वाळूवरून ओढताना तळ घासतो, तो मुख्यतः पठाणाच्या रेषेत. खडकावर चिकटलेल्या कालवांच्या धारेने खोल चिरा पडतात. धक्क्याला किंवा शेजारच्या होडीला आपटून नाळेजवळचे टवके उडतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळासारख्या प्रसंगी तर वर ओढून ठेवलेल्या होड्याही सुरक्षित राहत नाहीत.

बाह्यांगाचा सर्वांत वरचा रंगीत थर म्हणजे ‘जेलकोट’. त्याची जाडी सु. ०·५ मिमी. असते व त्यात काचतंतू नसतात. त्याच्या आत तुकडे-तंतूंची चटई (मॅट) आणि विणलेले जाड कापड (रोव्हिंग) यांचे रेझीनमध्ये भिजविलेले थर असतात. नौकेची ताकद या आतील थरांत असते, तर पाणी व ऊन यांपासून संरक्षण जेलकोट देतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न ओरखड्याच्या लांबीचा नसून खोलीचा आहे. खाचेच्या तळाशी रंग एकसारखा दिसला, तर इजा जेलकोटपुरतीच आहे. पांढरट तंतू दिसू लागले, तर आतील थर उघडा पडला आहे. आघाताच्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पसरल्या असतील, तर वरून लहान दिसणाऱ्या खुणेखाली थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. अशा जागी नाण्याने ठोकून पाहावे : भरीव भागाचा आवाज खणखणीत, सुटलेल्या भागाचा बद्द येतो. ही साधी परीक्षा टाळून वरून लांबी भरून रंग देणे ही या कामातील सर्वांत धोकादायक काटकसर होय. कारण उघड्या तंतूंच्या कडेने पाणी आत झिरपत राहते, थर सैल होतात आणि भर समुद्रात लाटेच्या माऱ्याने तोच भाग प्रथम फुटतो.

दुरुस्तीचा भाग गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढतात व पूर्ण वाळू देतात. नंतर ॲसिटोनने पुसून मेण व तेल काढतात. हे पुसणे घासण्यापूर्वीच झाले पाहिजे, नाहीतर घासताना मेण उलट आत रगडले जाते. केवळ जेलकोटमधील ओरखडा असेल, तर त्याची कड किंचित रुंद करून त्यात रंग मिसळलेला जेलकोट पृष्ठभागाच्या थोडा वर येईल इतका भरतात. पॉलिएस्टर रेझिनाचा हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग चिकट राहतो. म्हणून त्यावर सेलोफेनचा कागद चिकटवितात किंवा मेणयुक्त जेलकोट वापरतात. कठीण झाल्यावर २२०, ४००, ६०० व त्याहून बारीक क्रमांकांच्या पाणकागदाने क्रमाक्रमाने घासून शेवटी पॉलिश करतात.

तंतूंपर्यंत गेलेल्या खाचेस एवढ्याने भागत नाही. सैल झालेला सर्व भाग यंत्राने घासून काढावा लागतो व कडांना उतार द्यावा लागतो. हा उतार खोलीच्या सु. बारा पट रुंद असावा, म्हणजे ५ मिमी. खोल खाचेभोवती सर्व बाजूंनी ६ सेंमी. कारागिरास हे चांगल्या भागाची नासाडी केल्यासारखे वाटते. परंतु जुन्या, पूर्ण कठीण झालेल्या थराशी नव्या रेझिनाचा रासायनिक बंध जवळजवळ होत नाही, ते खरबरीत पृष्ठभागाला केवळ चिकटून धरते, आणि धरण्यासाठी क्षेत्रफळ लागते. चटईचे तुकडे उतरत्या आकाराचे कापून सर्वांत मोठा प्रथम बसवितात, त्यामुळे जुन्या थराशी त्याचा संपर्क सलग राहतो. प्रत्येक तुकडा रेझीनने भिजवून खाचेदार रुळाने दाबतात व हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. दर चौ. मी. ला ४५० ग्रॅ. वजनाच्या चटईचा एक थर सु. १ मिमी. जाडी देतो, चटईच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझीन लागते. पाण्याच्या रेषेखाली पोकळ सूक्ष्मगोल मिसळलेली हलकी लांबी वापरू नये. इपॉक्सी रेझीन जुन्या थराला पॉलिएस्टरपेक्षा अधिक घट्ट धरते, पण ते महाग असते व त्यावर पॉलिएस्टर जेलकोट नीट बसत नाही; अशा वेळी रंग देणे सोयीचे.

पॉलिएस्टर रेझिनात प्रवेगक म्हणून कोबाल्टचे संयुग आणि कठिणीकारक म्हणून मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड वजनाच्या १ ते २ टक्के मिसळतात. हे दोन पदार्थ एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. पहिला रेझिनात पूर्ण मिसळल्यावरच दुसरा घालावयाचा. पेरॉक्साइडाचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन वैद्यकीय मदत घ्यावी. रेझिनातील स्टायरीन सु. ३१° से. तापमानालाच पेट घेण्याजोगी वाफ देते, म्हणजे कोकणातील उन्हाळ्यात ती सहजच उपस्थित असते. होडीच्या पोटात वाकून काम करताना विडी ओढण्याची सवय म्हणूनच घातक ठरते. घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीपासून नाक व डोळे झाकणे आवश्यक असते.

हवामानाची अडचण खास कोकणची. मासेमारीबंदी सामान्यतः १ जून ते ३१ जुलै असते आणि होड्या शाकारून ठेवलेल्या याच काळात दुरुस्तीस सवड मिळते. परंतु हवेतील बाष्प तेव्हाच सर्वाधिक असते. ओलसर तंतूंना रेझीन धरत नाही, थर दुधाळ दिसतो व पुढे फोड येतात. भर उन्हात केलेले कामही बिघडते, कारण रेझीन फार लवकर गोठून तडकते. मे महिन्यात एक-दोन दिवस मासेमारी सोडून सकाळी, सावलीत काम करणे परवडत असेल तर तेच उत्तम. नसेल, तर घट्ट छपराखाली पावसाची उघडीप साधावी व जागा आधी कित्येक दिवस वाळू द्यावी.

लाकडी होडीवरील काचतंतूच्या अस्तराची गोष्ट वेगळी आहे. अस्तर अखंड असेपर्यंत लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो या सागरी प्राण्यापासून ते रक्षण करते. एकदा चीर पडली की पाणी अस्तर व फळी यांच्यामध्ये साचते, बाहेरून काही दिसत नाही आणि लाकूड आत कुजत जाते. येथे सुटलेले अस्तर सोलून फळी कोरडी होईपर्यंत थांबावे लागते. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे पॉलिएस्टर तिला चांगले धरत नाही, म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर द्यावा. पूर्ण झालेल्या कोणत्याही दुरुस्तीस पाण्यात उतरविण्यापूर्वी सु. एक आठवडा कठीण होऊ द्यावे. शेवाळरोधक रंग त्यानंतर देतात.