टनापासून अणूपर्यंत : वजनाचा एक हिशेब



वजन हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हर खाली उतरला का, इथपासून आपली नजर असते. चिठ्ठीवर टन-क्विंटलचा आकडा येतो आणि पुढचा सगळा संसार त्यावर. पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट मंडळी ज्याला 'रेणुभार' म्हणतात, त्या वजनाचे आणि आपल्या काट्यावरच्या वजनाचे काही नाते आहे का? आहे, आणि ते थेट खताच्या गोणीपर्यंत येऊन भिडते.

आधी आपल्याकडची गोष्ट. जालन्याचा मस्तगड १७२५ साली बांधला गेला. तेव्हापासून सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ इथला माल मण, शेर, तोळा याच मापांत जात-येत राहिला. मण म्हटले तरी कोणता मण, हे विचारावे लागे. सरकारी मण ४० शेरांचा, म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो ३२४ ग्रॅम. पण गावोगावचे आणि मालोमालचे मण निराळे. देणाऱ्याचा मण लहान आणि घेणाऱ्याचा मोठा, हेही चालायचेच. १९५६ साली कायदा झाला, आणि १९६२ पासून व्यापारात किलो-क्विंटलखेरीज दुसरे वजन कायद्याने बंद झाले.

गंमत अशी, की शास्त्रज्ञांच्या घरीही असाच घोळ होता आणि तो साधारण त्याच सुमारास मिटला.

अणू इतका हलका, की हायड्रोजनच्या एका अणूचे वजन ग्रॅममध्ये लिहायचे तर दशांश चिन्हापुढे २३ शून्ये आणि मग १६७ लिहावे लागतात. असल्या आकड्यांत रोजचा व्यवहार कोण करणार? म्हणून जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रोजनचा अणू १ धरून बाकीच्यांची वजने त्याच्या पटीत मांडली. पुढे ऑक्सिजन १६ धरायची पद्धत आली. मग त्यातही दोन तट! हवेतल्या ऑक्सिजनमध्ये थोडे जड अणूही मिसळलेले असतात. रसायनवाल्यांनी ते सरमिसळ ऑक्सिजन १६ धरले, तर भौतिकवाल्यांनी फक्त हलका अणू निवडून तो १६ धरला. दोन मापांत फरक किती? टनामागे २७५ ग्रॅम. आपल्याकडे काट्यात एवढा फरक कोणी मनावरही घेणार नाही, पण तिथे चालेना. शेवटी १९६०-६१ मध्ये दोघांनी मिळून ठराव केला : कार्बन-१२ च्या एका अणूचे बारा समान भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक अणुवस्तुमान एकक. यालाच 'डाल्टन' असेही म्हणतात.

आता रूपांतर. एक ग्रॅम म्हणजे ६०२ आणि त्यापुढे २१ शून्ये, इतके डाल्टन. किलोला शून्ये २४, टनाला २७. ग्रॅमवरून डाल्टनकडे जाताना या आकड्याने गुणायचे, परत येताना भागायचे.

साखरेचा एक रेणू ३४२ डाल्टनचा : १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. एक मिलिग्रॅमचा एक दाणा घेतला, तर त्यात १७६ वर १६ शून्ये इतके रेणू भरतात. पृथ्वीवरची ८०० कोटी माणसे बसवून प्रत्येकाने सेकंदाला एक रेणू रात्रंदिवस मोजला, तरी त्या एका दाण्याला जवळजवळ सात वर्षे लागतील.

म्हणाल, या शून्यांच्या फौजेशी शेतकऱ्याने कशाला झुंजायचे? झुंजायची गरजच नाही. डाल्टनमध्ये जे प्रमाण असते तेच किलोत राहते. युरियाचे बघा. त्याच्या रेणूत नत्राचे दोन अणू, १४ प्रमाणे २८; कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन ४. एकूण ६०. साठात २८ म्हणजे शेकडा साडेशेहेचाळीसच्या वर. गोणीवर छापलेले '४६ टक्के नत्र' येते ते इथून. ४५ किलोच्या गोणीत नत्र २० किलो ७०० ग्रॅम.

स्फुरदाच्या बाबतीत मात्र सावध असावे, कारण तिथे अजूनही दोन मण आहेत. सुपर फॉस्फेटच्या गोणीवर '१६ टक्के' लिहिलेले असते ते शुद्ध स्फुरद नव्हे, त्याचा ऑक्साइड. स्फुरदाचे दोन अणू ६२, ऑक्सिजनचे पाच ८०, एकूण १४२. म्हणजे ५० किलोच्या गोणीतल्या ८ किलो ऑक्साइडमध्ये खरा स्फुरद साडेतीन किलोच. पालाशही ऑक्साइडमध्येच छापतात, पण तिथे फरक थोडा : ९४ मध्ये ७८. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश ही विद्यापीठाची शिफारस ऑक्साइडच्याच हिशेबात आहे. स्फुरदासाठी सुपर फॉस्फेटच्या साडेचौदा गोण्या पुरतात. कोणी हा आकडा शुद्ध स्फुरदाचा समजला, तर ३३ गोण्यांचा खर्च अंगावर येईल. म्हणून एखादे पत्रक किंवा माती परीक्षणाचा अहवाल हाती आला, की आकडा कोणत्या रूपात आहे हे आधी विचारून घ्यावे. शुद्ध स्फुरदाला २.२९ ने गुणले की गोणीवरचा हिशेब येतो.

आता साखरेचेच गणित. तिच्या रेणूत नत्र नाही, स्फुरद नाही, पालाशही नाही. १०० किलो साखर घडवायला ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड १५४ किलो आणि पाणी ५८ किलो घेतो, आणि ११२ किलो ऑक्सिजन परत सोडतो. बेरीज-वजाबाकी करून पाहा, बरोबर १०० उरतात. खते लागतात ती पाने, मुळे आणि हा कारखाना चालवणारी विकरे घडवायला. मोठ्या बांधणीनंतर युरिया ओतत बसले तर ऊस हिरवागार दिसतो, पण साखर मागे पडते.

आणि तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर? उसातली विकरे आणि तोडीच्या जागेतून शिरणारे जंतू साखरेचा रेणू फोडतात. ३४२ चा रेणू १८ चे पाणी घेतो आणि १८०-१८० चे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. १०० किलो साखरेचे असे १०५ किलो होतात! पाणी उसातलेच, त्यामुळे काट्यावर यातले काही कळत नाही; उन्हाने वाळून घटते ते वेगळे. हे तुकडे गोड असतात, पण पॅनमध्ये त्यांचा दाणा पडत नाही. ते मळीबरोबर निघून जातात आणि कारखान्याचा उतारा तेवढा खाली येतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर त्याच उताऱ्याला बांधलेला असल्यामुळे, एकाच्या शिळ्या उसाची घट त्या दिवशी ताजा ऊस घातलेल्या सभासदाच्याही बिलात येते.