खरूज, कोपी आणि शाळा

दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, जालना, पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊन उतरतात. मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या तट्ट्या, वर प्लॅस्टिकचा कागद, आत जायचे तर वाकून. पुढील चार-पाच महिने हेच घर. गावाकडे कुलूप लावलेले घर असते म्हणून या मुलांना कोणी बेघर म्हणत नाही. प्रत्यक्षात त्यांच्याकडे ना मोरी, ना संडास, ना दार.

दोन हंगामांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक गुरुजी अशाच नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुळ्या. रात्री खाज असह्य. खरूजच होती. मी मलमाची एक ट्यूब लिहून दिली आणि नेहमीच्या सवयीने सांगितले, "बरी होईपर्यंत शाळेत पाठवू नका."

तीन आठवड्यांनी तिची आई धाकट्या मुलाचा खोकला दाखवायला आली. मुलगी शाळेत जाते ना, असे मी विचारले. "तुमीच म्हनले व्हते ना डॉक्टर, धाडू नका म्हून. आता ह्याला सांभाळती ती." मुलीची खरूज तशीच होती!

माझ्या दोन चुका झाल्या होत्या. कोपीत माणसे सहा आणि ट्यूब एकच. एकाला लावून खरूज जात नाही. पर्मेथ्रिनचे ५ टक्के मलम सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावायचे, आठ ते चौदा तासांनी अंघोळ करायची आणि एक आठवड्याने पुन्हा तसेच करायचे. तान्ही मुले व गरोदर बाई असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. कपडे उकळत्या पाण्यात धुवा असे आम्ही सांगून मोकळे होतो; कोपीत एवढे सरपण कुठले? त्याऐवजी कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर ठेवले तरी किडे मरतात. खाज पुढे दोन-तीन आठवडे राहू शकते. त्यावरून औषध फुकट गेले असे समजू नये.

दुसरी चूक मोठी. पहिल्यांदा मलम लावून अंघोळ झाली की मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकते. घरी बसा, हा सल्ला घर असणाऱ्याला ठीक. या मुलीला शाळेबाहेर ठेवणे म्हणजे पक्के छप्पर, नळ आणि दुपारचे जेवण यांपासून दूर ठेवणे. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. पहाटे तीन-चारला आईबाप फडात गेल्यावर रात्रीच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या मुलाला त्याचे मोल विचारा. जंताची गोळीही शाळेतच मिळते. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला, म्हणजे ऐन हंगामात येतो. तेव्हा मूल गावच्या शाळेत नसते. इथल्या पटावरही नसेल, तर ते सहज सुटून जाते. लोहाच्या गोळ्या आणि आरोग्य पथकाची तपासणी यांचेही तसेच.

दाखला नाही म्हणून परत पाठवले, असे पालक सांगतात. वास्तविक २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला उशिरा येईल किंवा वर्ष अर्धे संपले, या कारणांवरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. काही गावांत हंगामी वसतिगृहे चालतात, तेथे मुले मागे राहू शकतात. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर झाली. तरी तान्ह्या भावंडाला सांभाळायला मुलगीच लागते, म्हणून ती टोळीबरोबर येतेच.

त्या गुरुजींनी हे ओळखले होते. (सरकारी मास्तरांना नावे ठेवणाऱ्यांनी जरा ऐकावे.) त्यांनी शाळेच्या नळापाशी बादली व साबण ठेवला, धाकट्याला शेजारच्या अंगणवाडीत बसवले आणि मुलीला तिसरीच्या वर्गात घेतले. मी सहाही जणांना पुरेल एवढे मलम दिले. एका रात्री सगळ्यांनी लावले, आठवड्याने पुन्हा.

मार्चमध्ये पट्टा पडला. निघायच्या आदल्या दिवशी आई दवाखान्यात आली व गावाकडच्या शाळेत दाखवायला कागद मागू लागली. मी जंताची गोळी, वजन आणि धाकट्याच्या लसींची नोंद लिहून दिली. हजेरीचा कागद गुरुजींनी आधीच दिला होता. तिने दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचले.