जलरंगातली फुले आणि पाहण्याची शिस्त

फुलांची जलरंगचित्रे म्हटली की शुभेच्छापत्रे आणि दिवाणखान्यातल्या फ्रेमा आठवतात. हा प्रकार गोड, निरुपद्रवी आणि म्हणून दुय्यम, असा समज जाणकारांतही आढळतो. तो चुकीचा आहे. फुलावरचे प्रेम जलरंगात नुसते सांगून भागत नाही, ते निरीक्षणातून सिद्ध करावे लागते. तैलरंगात पांढरी पाकळी पांढऱ्या रंगाने काढता येते, चुकली तर वरून झाकताही येते. पारदर्शक जलरंगात पांढरेपणा कागदाचाच असतो. मोगरा रंगवायचा म्हणजे पाकळी कोरी सोडायची आणि तिच्या वळणाशी फिकट हिरवट-करडी सावली तेवढी लावायची. ती सावली नेमकी कुठे सुरू होते हे आधी उमगलेले नसेल, तर हात कितीही सराईत असो, फूल उमलत नाही. शिवाय खुडलेले फूल लवकरच मान टाकते, म्हणून हे पाहणे झटपट करावे लागते.

इतिहास या निरीक्षणाचीच साक्ष देतो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1503 मध्ये रंगवलेल्या गवताच्या तुकड्यात एकही बागेतले फूल नाही. आहेत ती रानगवते, रुंद पानांची रानरोपे आणि मिटलेली पिवळी रानफुले. खाली मुळेसुद्धा दिसतात. जहांगीर 1620 मध्ये काश्मीरला गेला, तेव्हा त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने तिथली शंभराहून अधिक फुले चितारल्याचे बादशहानेच लिहून ठेवले आहे. फ्रान्समध्ये पिएर-जोसेफ रदूतेने गुलाबांना वाहिलेला ग्रंथ 1817 ते 1824 या काळात प्रसिद्ध झाला. आपल्या पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेतही अलेक्झांडर गिब्सनने 1847 ते 1850 दरम्यान एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोत जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही.

यावर पहिला आक्षेप कॅमेऱ्याचा. फोटो क्षणात निघतो, मग एवढा खटाटोप कशाला? पण फोटोत एका क्षणाचे एकच फूल येते. चित्रकार कळी, उमललेले फूल, फळ आणि उभा छेद एकाच कागदावर मांडतो, किडीने खाल्लेले पान वगळतो, जातीची खूण ठळक करतो. 1787 पासून निघणारे ‘कर्टिसचे बोटॅनिकल मॅगझिन’ आजही रंगवलेली चित्रे छापते, ते यासाठीच. दुसरा आक्षेप, हा फावल्या वेळचा बायकांचा छंद. या शेऱ्यात कलेचे मोजमाप नाही, स्त्रियांसाठी पूर्वी बंद असलेल्या दारांची नोंद आहे. नग्न मानवाकृतीचा अभ्यास स्त्रियांना नाकारला गेला, म्हणून अनेकजणी फुलांकडे वळल्या. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या 1768 मधील संस्थापकांत केवळ दोन स्त्रिया होत्या, आणि त्यांतली मेरी मोझर फुलांचीच चित्रकार होती. तिसरा आक्षेप अधिक गंभीर: इतकी अचूकता आली की कला उरते कुठे? ती निवडीत उरते. पाकळीचा कोणता भाग कोरा ठेवायचा, देठ कुठे वाकवायचा, कागदावर मोकळी जागा किती सोडायची, हे निर्णय वनस्पतिशास्त्र देत नाही. म्हणूनच दोन चित्रकारांचा एकच गुलाब कधी सारखा होत नाही.

आपल्या चित्रकला वर्गांत फुले अजूनही नक्षीचा नमुना म्हणून शिकवली जातात. त्याऐवजी पावसाळ्यात विद्यार्थ्यांसमोर तेरड्याची एक ओली फांदी ठेवावी आणि फुलामागची बारीक वाकडी सोंड त्यांना स्वतः शोधू द्यावी. कासच्या पठारावर गर्दी करून फोटो काढणाऱ्या पिढीला फुले आवडतातच. ती पाहायला शिकवण्याचे काम जलरंग करू शकतो, आणि कलाशिक्षकांनी ते आता हाती घ्यावे.