अबुधाबीतील भूगर्भीय उष्णता: समज आणि वस्तुस्थिती

अबुधाबीत भूगर्भातील उष्णतेवर इमारती थंड केल्या जातात असे सांगितले, की ही उष्णता म्हणजे वाळवंटातील प्रखर उन्हाचाच जमिनीत मुरलेला अंश असावा, असा समज पुष्कळांचा होतो. वस्तुतः दिवसाच्या उन्हाची धग वाळूत हातभर खोलीपलीकडे फारशी पोचत नाही आणि ऋतुमानाचा परिणामही 10-15 मीटरांवर जवळजवळ संपुष्टात येतो; त्याखाली दर किलोमीटरला साधारणतः 25 ते 30 अंशांनी वाढणारी उष्णता पृथ्वीच्या जन्मकाळापासून उरलेली, तसेच खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयातून अखंड निर्माण होणारी असते.

ज्वालामुखीवाचून ही ऊर्जा मिळत नाही, हा समज आइसलँडच्या ख्यातीमुळे रूढ झाला आहे. तेथे दहांपैकी सुमारे नऊ घरे भूगर्भातील उष्णतेने उबदार राहतात, हे खरे. परंतु जागृत ज्वालामुखी जवळ नसतानाही अबुधाबीच्या मसदार नगरीतील दोन विहिरींतून 90 अंशांहून अधिक तापलेले पाणी सेकंदाला सुमारे 100 लिटर मिळते, आणि आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत भाविक ज्यात स्नान करतात, तेही भेगांतून खोल उतरून तापलेले, पुन्हा वर आलेले पावसाचेच पाणी होय.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की उष्णतेतून थंडावा मिळणे अशक्य. शोषण-शीतयंत्रात जवळजवळ निर्वात केलेल्या पात्रात पाणी अवघ्या काही अंशांवर उकळते व उकळताना लगतच्या नळ्यांतील पाण्याची उष्णता हिरावून घेते. ती वाफ सामान्यतः लिथियम ब्रोमाइडचे तीव्र द्रावण शोषून घेते, आणि पातळ झालेल्या त्या द्रावणातून वाफ पुन्हा मोकळी करण्याचे काम विहिरीचे कढत पाणी करते. ॲडनॉक व तबरीद या कंपन्यांनी डिसेंबर 2023 मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था मसदारच्या थंडाव्याची सुमारे 10 टक्के गरज भागवते.

मग वीजच का निर्माण करू नये? इटलीत लार्देरेल्लो येथे 1904 साली भूगर्भातील वाफेवर पाच दिवे पेटले, तेव्हापासून भूगर्भीय ऊर्जा म्हणजे वीज, अशी समजूत दृढ झाली. तथापि 90 अंशांच्या पाण्यातील उष्णतेचा दहावा हिस्साही विजेत उतरणे कठीण असते, उलट शोषणयंत्र तिच्या सुमारे 70 टक्के इतका थंडावा देते. म्हणूनच, जेथे उन्हाळ्यात विजेचा फार मोठा वाटा वातानुकूलनावर खर्ची पडतो, त्या मुलखात विजेचा वळसा टाळण्याचा हा निर्णय मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

हा साठा अक्षय आहे, असेही समजू नये. कॅलिफोर्नियातील गीझर्स क्षेत्रात बेसुमार उपशामुळे वाफेचा दाब घटला आणि पुढे सांडपाणी नळांनी आणून जमिनीत सोडण्याची तजवीज करावी लागली. मसदारमध्येही उष्णता काढून घेतलेले पाणी पुन्हा तापण्यासाठी भूगर्भात परत धाडले जाते.