भाड्याचे बिऱ्हाड, दरसालची वाढ आणि बसचा थांबा

दुकान व वखार एका गावी आणि मुलाबाळांची नोकरी वा शिक्षण दुसऱ्या गावी, अशी स्थिती आज पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांतील अनेक व्यापारी कुटुंबांची झाली आहे. मुलगा पणजीस कचेरीत, सून पर्वरीस, नातू म्हापशाच्या शाळेत. रोज जाऊन येऊन काही वर्षे निघतात. पुढे शहरात भाड्याचा फ्लॅट पाहण्याची वेळ येतेच. अशा वेळी आपण धान्याच्या सौद्यात जी चिकित्सा करतो, ती घराच्या सौद्यात का करीत नाही, याचे प्रस्तुत लेखकास नेहमी नवल वाटते. मी स्वतः केली नाही, म्हणूनच हे लिहीत आहे.

सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या कन्येसाठी पणजीत बिऱ्हाड पाहिले. भाडे आजूबाजूच्या घरांपेक्षा कमी होते, बसस्थानक जवळ होते. मी त्याच बैठकीत होकार दिला. करार अकरा महिन्यांचा, आणि पुढील वाढीविषयी 'उभयतांच्या संमतीने' एवढेच शब्द. मुदत संपताच मालकांनी दीडपट भाडे मागितले. संमती देणे किंवा घर सोडणे, याखेरीज तिसरा मार्ग उरला नाही. नातवाची सहामाही परीक्षा तोंडावर आली असता सामान हलवावे लागले, आणि पोर दोन बसगाड्या बदलून शाळेस जाऊ लागले. कन्या म्हणाली, "अण्णा, पोत्यातला दाणा मूठभर काढून तुम्ही चार वेळा पाहता, हा कागद मात्र एकदाच वाचलात." यावर मला उत्तर सुचले नाही.

आता हिशेब पाहू. समजा, एक घर महिना ९,५०० रुपयांस मिळते, पण दरसाल १० टक्के वाढ आहे. दुसरे १०,५०० रुपयांस मिळते, वाढ ४ टक्के. पहिल्या दिवशी कोणीही पहिलेच घर घेईल. परंतु तिसऱ्या वर्षी पहिल्याचे भाडे ११,४९५ होते, तर दुसऱ्याचे ११,३५७. पाचव्या वर्षी पहिले १३,९०९ वर पोहोचते आणि दुसरे १२,२८४ वर राहते. पाच वर्षांची बेरीज केली असता 'स्वस्त' घरास सुमारे साडेतेरा हजार रुपये अधिक पडतात. चक्रवाढ व्याज आपणांस कोणी शिकवावे असे नाही. भाड्यालाही तोच नियम लागू आहे, इतकेच. अर्थात दोनच वर्षे राहावयाचे असेल, तर पहिले घर खुशाल घ्यावे.

गोव्यात या विषयाचा मुख्य कायदा १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा होय. भाडे नियंत्रकाकडून योग्य भाडे ठरवून घेण्याची तरतूद त्यात आहे, आणि कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून कुळास बाहेर काढता येत नाही. परंतु हल्ली घरे बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स'च्या, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीच्या, कागदावर दिली जातात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून मुदत अकरा महिन्यांची. परवानगीत कुळाचा हक्क नसतो. तेव्हा वाढ किती व्हावी हे कायदा ठरवीत नाही, तो कागद ठरवितो. आणि कागद कोरा असेल तर मालक ठरवितो. म्हणून तीन वर्षांची मुदत मागावी, वाढीचा आकडा लिहून घ्यावा, अनामत रक्कम किती व केव्हा परत, हेही लिहावे, आणि नोंदणीचा खर्च निम्मा आपण सोसावा.

वाढ मुळीच नको, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईत १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. मालकांस दुरुस्ती परवडेना, चाळी खंगल्या आणि पागडी माजली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व त्याने दरसाल ४ टक्के वाढीचा हक्क मालकास दिला. जर्मनीत चालू भाडेकरूचे भाडे बाजारभावाच्या बरोबरीस आणताना तीन वर्षांत सामान्यतः २० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. घरांची टंचाई असलेल्या भागांत ही मर्यादा १५ टक्के आहे. म्हणजे ४-५ टक्क्यांची मागणी काही अवास्तव नव्हे.

आपल्यापैकी पुष्कळ बंधू स्वतः घरमालकही आहेत. त्यांनीही एक गणित करून पाहावे. पंधरा टक्के वाढ मागितल्याने भाडेकरू गेला व घर दोन महिने रिकामे राहिले, तर वर्षाकाठी जुन्या भाड्याचे साडेअकरा महिने पदरात पडतात. तोच भाडेकरू चार टक्क्यांनी राहिला, तर जवळजवळ साडेबारा. शिवाय रंगकाम व दलाली वाचते ती निराळी.

बसच्या थांब्याचा विचार भाड्याबरोबरच करावयाचा. थांब्यापर्यंत जाण्यायेण्यास रोज मोटरसायकल पायलटला साठ रुपये द्यावे लागले, तर पंचवीस दिवसांचे दीड हजार होतात. ते भाड्यातच मिळवावेत. पर्वरी पणजी-म्हापसा महामार्गावर असल्याने तेथे बसगाड्यांची वाण नाही, परंतु आतील वसाहतींतून महामार्गापर्यंत चढउतार किती, हे पावसाळ्यात छत्री घेऊन चालल्याशिवाय कळत नाही. पणजीच्या कदंब स्थानकावरून म्हापशास व मडगावास थेट गाड्या सुटतात. खासगी बसगाड्या दिवसा भरपूर, पण रात्र पडली की विरळ. आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे उभे राहावयास जागा मिळत नाही. म्हणून घर पाहावयास रविवारी दुपारी जाऊ नये. कचेरी सुटण्याच्या वेळी, शक्य तर शुक्रवारीच जावे. पेडणे व थिवी येथे रेल्वे स्थानके आहेत खरी, परंतु रोजच्या कचेरीस बसच उपयोगी. आपल्यापैकी ज्यांचा सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे, त्यांनी डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो हेही ध्यानात घ्यावे. अर्ध्या तासाचे अंतर तेथे फार मोठे असते.

कन्येचे सध्याचे बिऱ्हाड पर्वरीस आहे. भाडे पहिल्या घरापेक्षा अकराशे रुपये अधिक, वाढ पाच टक्के, करार तीन वर्षांचा व नोंदलेला, थांबा सहा मिनिटांवर. तो करार या खेपेस मी तीनदा वाचला, आणि चौथ्यांदा नातवाने मला वाचून दाखविला.