वही संगणकात नेण्यापूर्वी

खंडेनवमीच्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतून फेरफटका मारला तर लेथ, ड्रिलिंगची यंत्रे आणि ओतशाळांच्या भट्ट्या झेंडूच्या माळांनी सजलेल्या दिसतात. अलीकडे त्यांतली एक माळ कचेरीतल्या संगणकाच्याही वाट्याला येऊ लागली आहे. यात हसण्यासारखे काही नाही. लक्ष्मीपूजनाला ज्या श्रद्धेने आपल्या घरांतून नव्या वहीवर स्वस्तिक काढले जाई, ती वही आता त्या पेटीच्या पोटात गेली आहे. तेव्हा हळदकुंकवाचा मानही तिकडे जाणे क्रमप्राप्तच होते.

लोखंडाशी बेळगावचा ऋणानुबंध जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान थाटले ते याच गावात, आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांच्या मार्गाने ते १९१० साली किर्लोस्करवाडीला पोहोचले. आजही येथे ओतकाम करणारे आणि ओतलेल्या मालावर यंत्रकाम करणारे लहानमोठे कारखाने आहेत, आणि त्यांतील कित्येक मराठी कुटुंबांचे आहेत. अशा घरांतून सध्या एक प्रश्न हटकून कानी येतो : ईआरपी घ्यावी काय, आणि घ्यायची तर कोणती?

हे काय प्रकरण आहे, ते आधी पाहू. ईआरपी म्हणजे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, अर्थात उद्योगाच्या साऱ्या साधनांचे नियोजन. हे नाव १९९० साली गार्टनर या अमेरिकी संस्थेने रूढ केले. कल्पना मात्र त्याहून जुनी. १९६० च्या दशकात ट्रॅक्टर बनवणाऱ्या जे. आय. केस या कंपनीत जोसेफ ऑर्लिकी नावाचे अभियंते होते. अमुक ट्रॅक्टर अमुक तारखेला तयार हवे असतील, तर कोणता सुटा भाग किती आणि केव्हा मागवावा, याचे गणित त्यांनी संगणकाकडून करून घेतले. त्या गणिताला पुढे खरेदी, गोदाम, विक्री, पगार आणि हिशेब हे सारे येऊन मिळाले. मर्म एवढेच की नोंद एकदाच करावी आणि ती जिथे जिथे लागते तिथे आपोआप पोहोचावी. माल दारात उतरला की गोदामाचा साठा वाढावा, पुरवठादाराच्या खात्यावर रक्कम जमा व्हावी आणि कराचा हिशेबही त्याच क्षणी मांडला जावा. जुन्या पद्धतीत या तीन नोंदी तीन वह्यांत होत, आणि त्यांचा मेळ बसत असे तो दिवाणजींच्या डोक्यात.

या दिवाणजींवरूनच आमच्यापर्यंत हा विषय आला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे घर ओतशाळेचे. कारखाना वडिलांनी उभारलेला. त्यांना सारा कारखाना ‘आप्पा’ म्हणतो. हिशेब सांभाळणारे दिवाणजी आप्पांच्याही आधीच्या पिढीत शोभतील असे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते तीन आठवडे घरी बसले. त्या तीन आठवड्यांत कोणाकडे किती माल यंत्रकामासाठी गेला आहे, कोणता परत आला आहे आणि कोणाचे बिल करायचे राहिले आहे, हे कोणालाच नीटसे सांगता येईना. बिले थांबली, पैसे थांबले आणि पगाराच्या दिवशी आप्पांना बँकेत जाऊन उभे राहावे लागले. मुलगा म्हणाला, “आप्पा, आता ईआरपी घेऊच या.” आप्पा म्हणाले, “वहीने तीस वर्षे चालवलं की.” मग चिरंजीव तीन दरपत्रके घेऊन आमच्याकडे आले. “सर, तुम्ही तिऱ्हाईत आहात, वाचून सांगा.” शाळेच्या हजेरीपटापलीकडे हिशेबाशी आमचा संबंध नाही; परंतु लिहिलेल्या मजकुरात काय आहे आणि काय नाही, हे पाहण्याची सवय या पेशात लागतेच.

पहिले दरपत्रक सॅपचे होते. जर्मनीत १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी ही कंपनी काढली आणि आज जगातील अवाढव्य उद्योग तिच्या प्रणालीवर चालतात. लहान उद्योगांसाठी तिची ‘बिझनेस वन’ ही निराळी प्रणाली आहे. इस्रायलमधील टॉपमॅनेज ही कंपनी २००२ साली विकत घेऊन सॅपने ती आपलीशी केली. हिची शिस्त कडक, परवाना माणशी मोजला जाणारा, आणि बसवून देणारा मध्यस्थ जाणता नसेल तर पदोपदी अडणारी.

दुसरे टॅलीचे. श्यामसुंदर गोएंका हे गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवीत. आपल्या धंद्याला मानवेल असा हिशेबाचा कार्यक्रम मिळेना, म्हणून त्यांनी मुलगा भरत यांस तो लिहावयास सांगितला, आणि १९८६ साली बेंगळुरूच्या या पितापुत्रांचा उद्योग सुरू झाला. ताळा, ताळमेळ, ताळेबंद या आपल्या शब्दांशेजारी टॅली हे नाव परके वाटत नाही, हा एक गोड योगायोग. हिशेबनीस कोणत्याही गावात मिळतात, सनदी लेखापालांना ती पाठ असते, जीएसटीचे नियम बदलले की तीही बदलते. साठा, गोदामे, जॉबवर्क यांच्या नोंदीही तीत होतात. परंतु मुळात ती हिशेबाची वही आहे; उद्या सकाळी कोणत्या साच्यात कोणती हीट ओतावी, हे ठरवणे तिचे मूळ काम नव्हे.

तिसरे ईआरपीनेक्स्टचे. हिचा उगमही घरगुतीच. मुंबईच्या ऋषभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ती घडवण्यास आरंभ केला. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची मूळ लेखनसंहिता कोणालाही पाहता, बदलता आणि विनामूल्य वापरता येते. बेल्जियममधील फाबियँ पिंकेर्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेली, आज ओडू या नावाने ओळखली जाणारी प्रणाली हीदेखील काहीशी याच गोत्रातली. मात्र तिची एक आवृत्ती मुक्त आहे आणि दुसरीला दाम पडतो. ‘विनामूल्य’ या शब्दावर चिरंजीव फार खूश होते. आम्ही त्यांना इतकेच विचारले की विहीर फुकट मिळाली तरी पंप, पाइप आणि पंप बिघडल्यावर येणारा मिस्त्री हे कोठून आणणार? संहितेला पैसे पडत नाहीत. बसवणे, जुन्या नोंदी आत नेणे, माणसांना शिकवणे आणि ती ज्या यंत्रावर राहते त्याचे भाडे, यांना पडतात.

आणि हे तिघांनाही लागू आहे. दरपत्रकावरचा ठळक आकडा हा बहुधा सर्वांत लहान खर्च असतो. वार्षिक देखभाल, वाढीव वापरकर्ते, आपल्यापुरता केलेला प्रत्येक बदल आणि नवी आवृत्ती आली की तोच बदल पुन्हा करून घेण्याचे दाम, हे सारे पाच वर्षांचे मांडल्यावाचून दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ग्राहकाच्या मागणीनुसार फेरफार निराळे’ अशा अर्थाचे वाक्य होते. आम्ही त्याखाली तांबड्या शाईने रेघ मारून दिली.

प्रणाली विकणारे जे प्रात्यक्षिक दाखवतात, त्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मुलगी पाहावयास गेल्यावर पुढे येणारे पोहे नेहमीच उत्तम झालेले असतात. त्यावरून त्या घरचे स्वयंपाकघर रोज कसे चालते ते कळत नाही. पडद्यावर रंगीत आलेख उमटतात, काल्पनिक कंपनीचा काल्पनिक माल झरझर विकला जातो आणि आप्पांसारखा माणूस दबून जातो. आमची सूचना अशी होती की त्यांचा माल नको, आपला नग त्यांच्या हाती द्यावा आणि त्याची एक पूर्ण फेरी त्यांना करून दाखवावयास सांगावी.

ही फेरी साधी नाही. ट्रॅक्टरच्या कारखान्यात अनेक भाग जुळून एक वस्तू होते, आणि या प्रणालींच्या पूर्वजांची रचना त्याच घाटाची होती. ओतशाळेत उलट घडते. भट्टीतल्या एका रसातून अनेक प्रकारचे नग निघतात. रसाचा बराच भाग साच्यांच्या वाटांतच गोठतो आणि तोडून पुन्हा भट्टीत जातो. म्हणजे आजचे टाकाऊ हा उद्याचा कच्चा माल. त्यात पुन्हा लोखंड किलोने येते, यंत्रकामासाठी नग मोजून बाहेर जाते, कापले गेल्यामुळे वजनाने हलके होऊन परतते, आणि काही ग्राहकांना किलोने तर काहींना नगाने विकले जाते. एवढे झाल्यावर ग्राहकाकडे शेवटचा काप घेताना आत पोकळी सापडते आणि तो नग नाकारून परत येतो. त्याचे लोखंड भट्टीत जाईल. पण त्यावर झालेल्या यंत्रकामाची मजुरी कोणाच्या खात्यावर घालायची? दिवाणजींना याचे उत्तर ठाऊक आहे, आणि ते प्रत्येक ग्राहकागणिक निराळे आहे.

या फेरीत कायदाही येतो. जॉबवर्कसाठी पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, किंवा तेथूनच विकला गेला नाही, तर जीएसटी कायद्याचे १४३ वे कलम तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरते, आणि कर मागील तारखेपासून व्याजासह अंगावर येतो. यंत्रसामग्रीला ही मुदत तीन वर्षांची; साचे, जिग आणि हत्यारे यांना मुदत नाही. तेव्हा कोणते चलन अकरावा महिना ओलांडत आहे, हे जी प्रणाली आपण होऊन सांगत नाही, ती कितीही देखणी असली तरी आप्पांच्या कामाची नाही. आणखी एक नियम आम्हांस मनापासून आवडला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत केलेल्या प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येऊ नये, असे बंधन आहे. भागीदारीच्या पेढीला ते लागू नाही. पण दिवाणजी चुकीचा आकडा खोडत ते एका रेघेने, खालचा आकडा वाचता येईल असा, आणि शेजारी सही करीत. त्यांना हा नियम सांगितला तेव्हा ते म्हणाले, “मग त्यात नवीन काय?”

प्रणालीने आपल्या रीतीप्रमाणे वागावे, की आपण तिच्या रीतीप्रमाणे? येथे भलेभले अडखळले आहेत. जर्मनीतील लिडल या किराणा दुकानांच्या प्रचंड साखळीने २०११ साली सॅपवर जाण्याचे काम हाती घेतले आणि २०१८ मध्ये ते सोडून दिले. सुमारे ५० कोटी युरो खर्ची पडल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. जी कारणे सांगितली गेली त्यांत एक फार उद्बोधक आहे. लिडल आपल्या साठ्याचे मोल खरेदीच्या किमतीने धरी. प्रणालीची प्रचलित रीत विक्रीच्या किमतीची. लिडलने आपली रीत सोडली नाही, प्रणाली वाकवावयास घेतली, आणि वाकवता वाकवता ती चालेनाशी झाली. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीची कथा निराळी. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्याच्या घाईने तिने १९९९ च्या जुलैत तीन नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या. हॅलोवीनचा, म्हणजे मिठाईच्या विक्रीचा ऐन हंगाम तोंडावर. गोदामांत माल पडून होता आणि दहा कोटी डॉलरांहून अधिक रकमेच्या मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाल्याने भट्टी बदलावी, तसे हे झाले.

म्हणून आम्ही चिरंजीवांस दोन याद्या करावयास सांगितल्या. पहिलीत, जगाच्या रीतीप्रमाणे करण्यास ज्यांची काहीच हरकत नाही अशा गोष्टी : बिल, पावती, पगार, करपत्रके. येथे हट्ट सोडावा. दुसरीत, ज्यांवर कारखाना जगतो अशा. नाकारलेल्या नगाची मजुरी कोणी सोसावी, याविषयी आप्पांनी जुन्या ग्राहकांना दिलेला शब्द या यादीत येतो. तो कोणत्याही प्रणालीसाठी मोडू नये. दुसरी यादी फार लांबली तर मात्र आपण हट्टी आहोत की खरोखर निराळे, हे आप्पांनीच ठरवावे. बाहेर पडण्याची वाटही आधीच पाहून ठेवावी : उद्या ही प्रणाली सोडली तर आपल्या साऱ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील काय, हे लेखी घ्यावे.

फेरी दाखवण्याचे आव्हान तिघांपुढेही ठेवले गेले. तिघांपैकी एकाने पुन्हा फोन केला नाही. कोणी, हे येथे सांगणे अप्रशस्त होईल. उरलेल्या दोघांनी एकच गोष्ट मागितली : मालाची नावनिशी. आणि येथे सारे अडले. त्या ओतशाळेत एकाच नगाला ग्राहकाच्या आरेखनावरचा क्रमांक आहे, पॅटर्नवर खोदलेला दुसरा आहे, चलनावर इंग्रजी नाव आहे आणि साचे भरणारे कामगार, काही मराठी, काही कानडी, त्याला त्याच्या आकारावरून कासव म्हणतात. शाळेतही एकाच मुलाचे नाव दाखल्यावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि संगणकावर तिसरे असे निघते, तेव्हा जे होते तेच येथे झाले. संगणकाला कासव आणि क्रमांक हे एकच आहेत हे कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

ते सांगू शकणारा माणूस एकच आहे. दसऱ्यापासून दिवाणजी रोज सकाळी दोन तास ओतशाळेत खुर्ची टाकून बसतात. शेजारी आप्पांची नात, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची, मांडीवर संगणक घेऊन बसते. मांडणीवरून एकेक नग खाली येतो, दिवाणजी तो हातात फिरवून पाहतात आणि त्याची चारही नावे सांगतात. वजन, कोणाकडे यंत्रकामाला जातो आणि नाकारला गेल्यास मजुरी कोणाची, हेही सांगतात. आप्पा सुरुवातीला लांबून पाहत असत. आता मध्येच येऊन एखादा क्रमांक दुरुस्त करतात. सुमारे निम्मी मांडणी झाली आहे. खरेदी मार्चनंतर, वर्षअखेरीचे हिशेब मिटल्यावर करायची, एवढे तूर्त ठरले आहे.