मान्सेइबाशी : नाहीशा झालेल्या स्थानकाच्या खुणा

कसाई स्थानकाच्या पुलाखाली, आमच्या हिगाशी-कसाईच्या हद्दीत, भुयारी रेल्वेचे संग्रहालय आहे. १९८६ साली उघडलेले. मुलांना घेऊन आपल्यापैकी बहुतेक जण तिथे एकदा तरी गेले असतीलच. तिथला पिवळा १००१ क्रमांकाचा डबा १९२७ सालचा, आसाकुसा ते उएनो या टोकियोच्या पहिल्या भुयारी मार्गावरचा. ही गाडी १९३० साली जिथवर येऊन थांबू लागली, त्या ठिकाणाचे नाव मान्सेइबाशी. ते वाचून मी त्याचा माग काढायला निघालो, आणि एकाच नावाची दोन स्थानके सापडली. एक जमिनीखाली, एक जमिनीवर उंच. दोन्ही आज नाहीत.

उंचावरचे स्थानक आधीचे. १ एप्रिल १९१२ रोजी चुओ मार्गाचे शेवटचे स्थानक म्हणून ते उघडले. लाल विटांची देखणी इमारत तात्सुनो किंगो यांची. टोकियो स्थानकाचे शिल्पकारही तेच. पण १९१९ साली रूळ कांदामार्गे टोकियो स्थानकापर्यंत गेले आणि शेवटचे स्थानक वाटेवरचे झाले. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत इमारत जळाली. १९३६ साली तिथे रेल्वे संग्रहालय आले, आणि १ नोव्हेंबर १९४३ला स्थानक बंद झाले. संग्रहालय मात्र २००६पर्यंत चालले.

मुंबईकरांना हे नवखे वाटू नये. आपले कुलाबा स्थानकही १९३०च्या अखेरीस चर्चगेटला शेवटचे स्थानक करून मिटवले गेले. त्या जागी आता बधवार पार्क आहे.

तर मग उरले काय? कांदा नदीच्या काठाने चालत गेलात तर विटांच्या कमानींची लांब ओळ दिसते. वरून आजही चुओच्या गाड्या धावतात. २०१३ साली या कमानींत दुकाने आणि उपाहारगृहे थाटली गेली, तेव्हा जुने जिने लोकांसाठी खुले झाले. १९१२चा जिना ग्रॅनाइटच्या जाड पायऱ्यांचा आहे. संग्रहालयासाठी १९३५ साली बांधलेला जिना साध्या काँक्रीटचा. दोन्ही चढून पाहावेत. तेवीस वर्षांत बांधकाम कसे बदलले ते पायांनाच कळते. वर जुन्या फलाटाच्या जागी काचेची खोली आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या जातात. पाडलेले स्थानक ओळखण्याची ही एक खूणच समजा : रूळ विनाकारण एकमेकांपासून दूर सरकलेले दिसले, तर मध्ये कधीतरी फलाट असण्याचा संभव असतो.

भुयारातले स्थानक तात्पुरतेच होते. नदीखालून बोगदा नेणे अवघड, म्हणून तोवर गाड्या अलीकडे थांबत. २१ नोव्हेंबर १९३१ रोजी मार्ग कांदापर्यंत पोचला आणि हे स्थानक संपले. पुलाजवळच्या पदपथावरची हवेसाठीची लोखंडी जाळी ही त्याची खूण. रोज शेकडो लोक तिच्यावरून चालत जातात.

या भटकंतीत एक गोष्ट मनात बसली. दिमाखासाठी उभारलेले होते ते आधी गेले. ओझे वाहणाऱ्या कमानी टिकल्या, कारण त्यांचे काम कधी थांबले नाही. परदेशात आपण मुलांसाठी काय मागे ठेवणार, याची चर्चा आपल्या मंडळांत नेहमी होते. समारंभ, स्मरणिका, रंगमंच हे सगळे हवेच. पण घरात रोज वापरली जाणारी भाषा ही आपली कमान आहे. ती वापरात राहिली तर वरची इमारत पुन्हा बांधता येईल.

जायचे असल्यास : कसाईहून तोझाई मार्गाने निहोम्बाशी, तिथून गिन्झा मार्गाने कांदा, पुढे थोडे चालत. मुलांना आधी १००१ क्रमांकाचा डबा दाखवावा, मग ही जागा. क्रम उलटा केलात तर जाळीकडे ती ढुंकूनही पाहणार नाहीत.